पंप बदलण्याआधी

लोहारा तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र या महिन्यात आमच्यासमोर आहे. द्राक्षबागेतून निघालेला एक जुना छोटा ट्रॅक्टर त्यांच्या घरच्यांनी तीन वर्षांपूर्वी घेतला. त्याला एका वर्कशॉपमधून पुढे लोडर बसवून घेतला. तेव्हापासून शेणखत, मुरूम आणि तलावातला गाळ भरून देण्याच्या कामावर घर चालते. यंदा लोडर मलूल झाला आहे. सकाळी उचलतो, दुपारी अर्ध्यावर थांबतो. ज्या मिस्त्रींना दाखवला त्यांनी लिव्हर दोनदा ओढून पाहिला आणि पंप गेला म्हणून सांगितले. पंपाचे पैसे म्हणजे भगिनींच्या भिशीचे पैसे, मोठ्या मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले. ते मोडावेत का, एवढेच त्यांनी विचारले आहे.

आम्ही ट्रॅक्टर पाहिलेला नाही. त्यामुळे पंप गेला की राहिला, हे इथे बसून सांगणार नाही. मिस्त्री चुकले असेही म्हणणार नाही, कदाचित ते बरोबरच असतील. पण ‘सकाळी उचलतो, दुपारी थांबतो’ या दुखण्याची पंपाशिवाय आणखी चार-पाच कारणे असू शकतात, आणि त्यातली बरीचशी पंपापेक्षा फार स्वस्तात निघतात. दोनदा लिव्हर ओढून त्यांच्यातला फरक कळत नाही. तो कसा कळतो ते सांगतो. घरातल्या ज्या हातातून पैसा जातो, त्या हाताला हे माहीत असलेले बरे.

आपल्या जिल्ह्यात असे काम करणारी घरे थोडी नाहीत. पाऊस बेभरवशाचा, म्हणून गावोगावी पाझर तलाव आणि साठवण तलाव झाले, आणि तलाव झाले की गाळ आलाच. २०१७ साली राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, तेव्हापासून उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तलावांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. मोठ्या कामाला जेसीबी असते. बांधावरच्या, वस्तीवरच्या किरकोळ कामाला छोटा लोडर परवडतो. हा सगळा हंगाम मार्च ते जूनचा पहिला पाऊस, एवढाच. त्यात आठ दिवस मशीन उभे राहिले तर ते आठ दिवस पावसाळ्यात भरून निघत नाहीत. म्हणून घाई होते, आणि घाईत पंप बदलला जातो.

पंप काय करतो हे आधी पक्के समजून घ्या. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. ढकललेल्या ऑइलला वजनाचा अडथळा झाला की दाब तयार होतो. बकेट रिकामी असेल तर दाब थोडा, ओल्या गाळाने भरली असेल तर जास्त. आणि दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो. ठरलेल्या आकड्याला तो उघडतो आणि ऑइल टाकीत परत सोडतो. म्हणजे लोडर नीट चालायला दोन गोष्टी लागतात: पुरेसे ऑइल आणि पुरेसा दाब. ऑइल कमी पडले तर लोडर हळू होतो. दाब कमी पडला तर लोडर वजन सोडून देतो. बहुतेक दुखणी या दोनपैकी एका घरात बसतात, आणि आपले दुखणे कोणत्या घरातले हे शोधायला एक रुपयाही लागत नाही.

मोबाइल घ्या, त्यातले घड्याळ लावा. ट्रॅक्टर सपाट जागेवर, बकेट रिकामी, आसपास कुणी नाही. इंजिनाचा वेग कामाच्या वेळी ठेवता तोच. बूम जमिनीपासून पूर्ण वर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. सकाळी ऑइल थंड असताना एकदा, आणि दोन तास काम झाल्यावर पुन्हा. हे दोन आकडे कागदावर लिहून मिस्त्रींकडे न्या.

किती सेकंद लागायला हवेत? उदाहरणाने सांगतो. समजा बूम उचलणारे दोन जॅक आहेत, आतला व्यास ५० मिलिमीटर आणि रॉडची चाल ५०० मिलिमीटर. एका जॅकमध्ये साधारण एक लिटर ऑइल मावते, दोन्हींत दोन लिटर. पंप मिनिटाला २० लिटर ऑइल देत असेल तर बूम सहा सेकंदांत वर गेली पाहिजे. बारा सेकंद लागत असतील तर निम्मे ऑइल जॅकपर्यंत पोचतच नाही. ते कुठेतरी गळते आहे किंवा पंपाला मिळतच नाही. तुमच्या ट्रॅक्टरचा पंप किती लिटरचा आहे हे पुस्तकात असते, आणि जॅकची मापे टेपने घेता येतात. व्यास मात्र आतला हवा. बाहेरून मोजलात तर नळीची जाडी दोन्हीकडून वजा करायची.

आता आकडे काय सांगतात ते पाहू. थंडीत सहा आणि गरम झाल्यावर सात लागत असतील तर काळजी नाही, गरम ऑइल पातळ होते आणि थोडे निसटते. सहाचे अकरा होत असतील तर आत कुठेतरी झीज आहे, किंवा ऑइलच चुकीचे आहे. दोन्ही वेळा सहाच लागतात, रिकामी बकेट झपझप वर जाते, पण भरली की अडते, असे असेल तर प्रश्न दाबाचा आहे. आणि सकाळी हळू, आवाज करत, नंतर ठीक असे असेल तर जाड झालेले ऑइल किंवा तुंबलेली जाळी शोधा. आमच्या भगिनींच्या पत्रात हे मोजमाप नाही. ते आले असते तर निम्मे उत्तर त्यातच मिळाले असते.

दाबाला नावे ठेवण्याआधी वजनाकडेही पाहावे. पाव घनमीटरची बकेट काठोकाठ ओल्या गाळाने भरली तर आत ४०० किलोच्या वर माल असतो, आणि बकेटचे स्वतःचे वजन वेगळे. अनेक छोट्या लोडरांची ताकद याच्या आतच संपते. वर्कशॉपमध्ये बकेट ‘जरा मोठी’ करून घेण्याची आपल्याकडे हौस आहे. खेपा कमी लागतात असे वाटते. मागच्या वर्षी कोरडे शेणखत उचलणारा लोडर यंदा तलावाच्या तळातला चिकट गाळ उचलत नसेल, तर त्यात यंत्राचा काही गुन्हा नाही.

जुन्या ट्रॅक्टरची एक अडचण जन्मापासूनचीच असते. ट्रॅक्टरच्या मागे हायड्रॉलिक लिफ्टवर औजार टांगण्याची जी पद्धत आज सगळ्यांच्या ओळखीची आहे, ती हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने रुळवली. १९३९ साली फोर्डबरोबर त्याने ती बाजारात आणली आणि पुढे जगभर तीच चालली. तिथे पंपाचे काम नांगर वर घेणे, खाली सोडणे, एवढेच. सरीच्या टोकाला काही सेकंद. आपला जुना ट्रॅक्टर त्याच हिशेबाने बनलेला आहे. पुढे लोडर जोडला की तोच पंप दिवसभर, दर अर्ध्या मिनिटाला राबतो. शिवाय बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकला वेगळी टाकी नसते, गिअर बॉक्समधलेच ऑइल दोन्हीकडे वापरले जाते. लोडरचे चार जॅक आणि लांबलचक होज पाइप त्यातूनच भरतात. बूम वर गेली की थोडे ऑइल तिकडे जाते. खाली पातळी उतरते, आणि ट्रॅक्टर उतारावर असेल तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. लोडर बसवताना पातळी नव्याने भरून घेतली नसेल तर हा त्रास पहिल्या दिवसापासून असतो. वर्षभराने थोडे गळाले, की तो जाणवू लागतो.

म्हणून सुरुवात ऑइलपासून. ट्रॅक्टर सपाट जागी, बकेट जमिनीवर, सगळे जॅक आत, इंजिन बंद, आणि मग पट्टी ओढून पाहा. बूम वर असताना पातळी पाहिली तर ती कमीच दिसेल, आणि कुणीतरी वरून डबाभर ओतून बसेल. पट्टीवर आलेले ऑइल बोटांवर घेऊन बघा. फेस असेल तर हवा शिरते आहे. दुधासारखे पांढरट असेल तर पाणी शिरले आहे, धुताना किंवा गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून पावसाचे. काळपट आणि जळका वास येत असेल तर ते बऱ्याच वेळा तापून गेले आहे. आणि कोणते ऑइल भरले आहे, हे घरात विचारा. गिअर आणि हायड्रॉलिक एकत्र असलेल्या ट्रॅक्टरला त्याच कामाचे ऑइल लागते, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचे. इंजिनातून काढलेले ऑइल ‘अजून चांगलं आहे’ म्हणून गिअर बॉक्समध्ये ओतणारे लोक आम्हाला माहीत आहेत. त्यात कार्बन आणि लोखंडाचा चुरा असतो, आणि पंपाच्या आतल्या फटी केसापेक्षाही बारीक असतात.

यानंतर जाळी. पंपाच्या ओढीच्या बाजूला एक जाळी किंवा फिल्टर असतो. गाळाच्या कामात उडणारी बारीक माती टाकीच्या श्वासाच्या झाकणातून आत जाते. जॅकच्या रॉडवर बसलेली धूळ फाटक्या सीलमधून आत ओढली जाते. हे सगळे शेवटी जाळीवर येऊन बसते. जाळी तुंबली की पंप उपाशी राहतो आणि एक विशिष्ट आवाज करतो, कण्हल्यासारखा, वेग वाढवला की वाढणारा. जुन्या, दुसऱ्याच्या हातून आलेल्या ट्रॅक्टरांत ही जाळी वर्षानुवर्षे कुणी उघडलेली नसते, काही जणांना ती आहे हेच ठाऊक नसते. जाळीवर काळा चिखल निघाला तर काम स्वस्तात निभावले. पण चकाकणारा पिवळा किंवा चंदेरी चुरा निघाला तर मात्र पंप किंवा गिअर आतून झिजतो आहे, आणि मिस्त्रींच्या म्हणण्याला वजन येते.

ओढीच्या पाइपाची एक खोड आहे. दाबाच्या बाजूचा पाइप फुटला तर ऑइल बाहेर येते आणि दिसते. ओढीचा पाइप चिरला किंवा क्लिप ढिली झाली तर बाहेर थेंबही येत नाही, उलट हवा आत जाते. जागा कोरडी ठणठणीत, आणि टाकीत फेस. इंजिन चालू असताना त्या जोडावर थोडे ऑइल किंवा ग्रीस लावावे. आवाज एकदम बदलला तर चोर तिथेच आहे. पंखा आणि पट्ट्यापासून हात आणि ओढणी-बाह्या दूर ठेवून, एवढे सांगायला हवे. लोडर काढता-घालता येणारा असेल तर होज पाइपांचे कपलर पूर्ण बसलेत का तेही पाहा. अर्धवट बसलेला कपलर आतून वाट अडवतो आणि बाहेरून अगदी नीट दिसतो. लोडरसाठी वेगळा पंप पीटीओवर बसवला असेल तर त्याच्या खाचा झिजून तो घसरत नाही ना, हेही बघून घ्यावे.

इथपर्यंतची कामे घरचा जाणता मुलगाही करू शकतो. पुढची मिस्त्रींची आहेत. पण त्याआधी जिवाचे दोन विषय आहेत, ते बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही.

पहिला, वर उचललेल्या बूमखाली कुणीही जायचे नाही. लिव्हर मधोमध आहे, इंजिन बंद आहे, म्हणून बूम थांबलेली आहे असे वाटते. तिला फक्त बंदिस्त ऑइल धरून असते. एक पाइप फुटला किंवा लहान मुलाचा लिव्हरला धक्का लागला की ती खाली येते, आणि हाक मारायलाही वेळ मिळत नाही. काम असेल तर बकेट जमिनीवर टेकवायची. बूम वर ठेवूनच काम करणे भाग असेल तर जॅकच्या रॉडवर बसणारा लोखंडी टेकू पक्का लावायचा. विटा, लाकडाचे ओंडके, दुसऱ्या ट्रॅक्टरचा जॅक हे टेकू नव्हेत. रोज्याच्या दिवसांत अस्रनंतर, अंग गळून गेलेले असताना, इफ्तारच्या आत हात मारून घेऊ म्हणून मशीनखाली शिरण्याची सवय आम्ही पाहिली आहे. ते काम तरावीहनंतर नाही तर दुसऱ्या सकाळी करावे.

दुसरा विषय लोकांना कमी माहीत आहे. मोटारीच्या चाकात ३० पौंडांची हवा असते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये, त्याच मापाने, २,००० ते २,५०० पौंडांचा दाब असू शकतो. होज पाइपाला सुईएवढे भोक पडले की त्यातून निघणारी धार डोळ्यांना धड दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. गळती शोधायला पाइपावरून हात फिरवणारा माणूस त्यात सापडतो. टाचणी टोचल्यासारखे वाटते, रक्त नाही, सुरुवातीला दुखणेही फारसे नाही, म्हणून तो हळद लावून कामाला लागतो. आत मात्र ऑइल बोटातून तळहाताकडे पसरलेले असते. याला तासांच्या हिशेबात शस्त्रक्रिया लागते. उशीर झाला तर बोट किंवा हात जाऊ शकतो. मलमपट्टी करून घरी न थांबता जिथे हाताची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात, सोलापूर-लातूरकडे, त्याच दिवशी निघावे, आणि डॉक्टरांना ‘दाबाचे ऑइल आत शिरले आहे’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘काहीतरी टोचले’ म्हणालात तर जखम पाहून त्यांनाही ती किरकोळ वाटू शकते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा, हात नाही. आणि कोणताही जोड सोडण्याआधी बकेट खाली, इंजिन बंद, सगळे लिव्हर दोन्हीकडे दोन-तीनदा हलवून आतला दाब मोकळा करायचा.

आता गेज. पंपाला दोष द्यायचा तर गेज लावल्याशिवाय देऊ नये, एवढे आमचे ठाम मत आहे. पंपाच्या किमतीपुढे दाब मोजायचे गेज किरकोळ आहे, आणि हायड्रॉलिकचे काम करणाऱ्या गॅरेजमध्ये ते असायलाच हवे. पंपाकडून येणाऱ्या दाबाच्या लाइनवर ते त्याच दाबाला टिकणाऱ्या फिटिंगने बसवायचे. बूम खाली, बकेट जमिनीपासून वीतभर वर. बकेट वळवणारा लिव्हर ओढून ती टोकापर्यंत वळवायची आणि तीन-चार सेकंद तसाच धरायचा. जॅक पुढे जाऊ शकत नाही, म्हणून दाब चढत जातो आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो त्या आकड्याला थांबतो. छोट्या जुन्या ट्रॅक्टरांत तो साधारण १४० ते १७५ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास असतो. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला आकडा अंतिम. मग रिकामी बूम पूर्ण वर नेऊन, ड्रायव्हर सीटवर आणि बाकी सगळे लांब, तेच करायचे. चार सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, ऑइल भाजते.

बकेट वळवताना आकडा पूर्ण येतो आणि बूम उचलताना येत नाही, असे झाले तर पंप निर्दोष आहे. दोन्हींना ऑइल देणारा पंप एकच, मग तो एकाला देईल आणि दुसऱ्याला देणार नाही असे होत नाही. दुखणे बूमच्या जॅकमध्ये आहे किंवा त्याच्या लिव्हरच्या व्हॉल्व्हमध्ये. दोन्हीकडे आकडा कमी आला तर दुखणे दोघांत सामाईक असलेल्या ठिकाणी, म्हणजे पंपात किंवा रिलीफ व्हॉल्व्हमध्ये. त्या दोघांतला फरक इंजिनाचा वेग सांगतो. वेग वाढवला तसा दाबही चढत गेला तर पंप झिजलेला असण्याची शक्यता मोठी. आतून जेवढे निसटते तेवढे तो जास्त फिरून भरून काढतो. वेग कितीही वाढवला तरी आकडा एकाच ठिकाणी अडून बसला, समजा १०० वर, तर रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो आहे. त्याची स्प्रिंग बसली असेल किंवा त्याच्या बैठकीवर कचऱ्याचा एक कण अडकला असेल. तो कण काढायला पंप लागत नाही. ही तपासणीही गरम ऑइलवर करायची. सकाळी सगळेच शहाणे असते.

दाबाच्या थोड्याशा फरकाने किती ताकद जाते ते पाहा. मघाच्या ५० मिलिमीटरच्या जॅकमध्ये १४० दाब असेल तर एक जॅक सुमारे २,७०० किलोच्या जोराने ढकलतो. ९० असेल तर साडेसतराशेच्या आसपास. बूमच्या लांबीमुळे बकेटपाशी याचा थोडाच हिस्सा पोचतो, म्हणून वर आलेली तूट खाली लगेच दिसते.

बूम वर ठेवली की हळूहळू खाली येते, ही तक्रार वेगळी आहे. इंजिन बंद असतानाही ती येत असेल तर पंपाचा त्यात संबंधच नाही. सहसा ‘जॅकचं सील गेलं’ म्हणून सील किट टाकले जाते आणि बूम तरीही उतरत राहते. कारण साधे आहे. लोडरचा जॅक दोन्ही बाजूंनी ऑइल घेणारा असतो. पिस्टनच्या सीलमधून निसटलेले ऑइल पलीकडच्या बाजूला जाते, पण रॉड आत शिरल्याने तिथली जागा आधीच कमी झालेली असते. दोन्ही पाइप बंद असतील तर ऑइलला जायला वाटच राहत नाही. म्हणून भाराखाली बूम बरीच खाली येत असेल तर आधी लिव्हरच्या व्हॉल्व्हकडे पाहावे, तिथून ऑइल टाकीकडे परत निसटत असते. रॉडवरून बाहेर ऑइल ओघळत असेल तर ती गोष्ट डोळ्यांना दिसतेच.

एक उपाय असा आहे की तो कुणी सुचवला तर आपण उठून यावे. रिलीफ व्हॉल्व्ह उघडून स्प्रिंगखाली एक वायसर टाकायचा, म्हणजे दाब वाढतो. लोडर त्याच संध्याकाळी उचलू लागतो, सगळे खूश. गेज न लावता टाकलेल्या त्या वायसरने दाब किती वाढला, कुणालाच माहीत नसते. मग जुना होज पाइप फुटतो, पंपाचे कवच तडकते, नाही तर वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केलेला बूमचा जोड भरल्या बकेटसह उघडतो. ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सलही जास्तीच्या वजनासाठी बनलेला नसतो. बसलेली स्प्रिंग बदलून, गेज पाहत, पुस्तकातल्या आकड्यापर्यंत दाब आणणे हे दुरुस्तीचे काम आहे. त्याच्या पुढे नेणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ.

मिस्त्रींशी बोलायचे कसे, हाही प्रश्न असतो, विशेषतः ते नात्यातले किंवा मोहल्ल्यातले असले तर. ‘तुम्हाला कळत नाही’ असे कुणाला म्हणायची गरज नाही. ‘चाचा, एकदा गेज लावून आकडा दाखवा, मग पंप काढू’ एवढे पुरे. आपल्या कामावर भरवसा असलेला मिस्त्री याचा राग धरत नाही. दुसऱ्याचे मशीन आणि दुसऱ्याचा पैसा ही त्याच्याकडे अमानत आहे, हे त्यालाही ठाऊक असते. पंप बदललाच तर जुना पंप मागून घ्यावा. तो उघडला की आतल्या घराला बोटाने लागतील असे ओरखडे दिसतात किंवा दिसत नाहीत. तपासणीची वेगळी मजुरी मागितली तर ती आनंदाने द्यावी. आपल्याकडे सुटा भाग बदलण्याचे पैसे देतात आणि डोके वापरल्याचे देत नाहीत, म्हणून मिस्त्रीही भाग बदलूनच पोट भरतो.

आणि पंप खरोखरच गेला असेल, तर बदलताना दोन गोष्टी राहू देऊ नयेत. जुन्या पंपाचा चुरा टाकीत, पाइपांत आणि जाळीवर राहिलेला असतो. ऑइल पूर्ण काढून, टाकी आणि पाइप धुऊन, जाळी साफ करून, फिल्टर नवा टाकल्याशिवाय नवा पंप बसवला तर तोच चुरा त्यालाही खातो. आणि नवा पंप कोरडा सुरू करू नये. बसवताना त्यात हाताने ऑइल भरायचे, इंजिन अगदी कमी वेगावर ठेवून रिकामे जॅक सावकाश आत-बाहेर करायचे, हवा निघून आवाज शांत झाला की बकेट खाली टेकवून इंजिन बंद करायचे आणि पट्टी पुन्हा पाहायची. मग मोबाइल काढून बूम वर जायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, थंडीत आणि गरम झाल्यावर. ते दोन आकडे तारखेसह स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजून त्याच्याच खाली लिहीत जा.